बायंडरच्या हाती सोपवलेला सेनापती

नाशिकमध्ये पुस्तक दोऱ्याने शिवून बांधून देणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. झेरॉक्सच्या कोणत्याही दुकानात स्पायरल लावून मिळते आणि गरम गोंदाची बांधणीही उभ्या उभ्या होते. परंतु कागदाच्या घडीतून सुई नेऊन, पाठीवर खळ चढवून आणि रात्रभर शिकंज्यात दाबून तयार केलेले पुस्तक हवे असेल, तर मला ठाऊक असलेले एकच दुकान आहे. ते रविवार कारंजाकडून मेन रोडकडे जाताना लागणाऱ्या एका अरुंद गल्लीत आहे. दुकानाला नाव नाही. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात ‘वह्या, रजिस्टरे व जुनी पुस्तके बांधून मिळतील’ एवढाच मजकूर आहे. मालकांना सगळी गल्ली ‘भाऊ’ म्हणते, म्हणून मीही भाऊच म्हणते. गेल्या काही महिन्यांत मी त्यांच्याकडून दोन जाडजूड खंड बांधून घेतले आणि त्या कामाविषयी सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटले, कारण ज्या माणसाची पत्रे त्या खंडांत आहेत, तोही आयुष्याच्या सुरुवातीला पुस्तके बांधण्याचेच काम करीत होता.

त्या माणसाचे नाव हेन्री नॉक्स. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या तोफखान्याचा प्रमुख होता आणि पुढे त्या देशाची राज्यघटना लागू झाल्यावर पहिला युद्धमंत्री झाला. माझ्या त्याच्याविषयीच्या ओढीला घरचे कारण आहे. माझे बालपण देवळालीत गेले. वडील तेथील तोफखाना शाळेच्या भांडारात कारकून होते, आणि रेंजवर गोळाफेक सुरू झाली की आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरत आणि आई फडताळातली काचेची बरणी खाली उतरवून ठेवीत असे. पुढे नाशिकरोडच्या शाळेत ३१ वर्षे इतिहास शिकवताना दरवर्षी पानिपतचा धडा आला, की इब्राहिमखान गारद्याच्या तोफांविषयी मुले विचारीत, ‘बाई, एवढ्या जड तोफा तिथपर्यंत नेल्या कशा?’ त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी नॉक्सपर्यंत पोहोचले, कारण तोफा डागण्यापेक्षा त्या हलवणे किती अवघड असते, हे ज्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे असा सेनापती मला दुसरा भेटला नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षे मी त्याची पत्रे आणि सरकारी टिपणे गोळा केली. ती आता संगणकावर विनामूल्य वाचायला मिळतात. छापून काढल्यावर पृष्ठे झाली ६४०. ही चळत पिशवीत घालून मी पहिल्यांदा भाऊंकडे गेले, तेव्हा त्यांनी वरचे एक पान उचलले, उजेडाकडे धरले आणि गठ्ठा मला परत दिला.

‘बाई, ही सगळी सुटी पानं आहेत. सुटं पान शिवलं तर पुस्तक नीट उघडत नाही, आणि चिकटवून दिलं तर चार पावसाळ्यांत पानं हातात येतील. मोठ्या कागदावर छापून आणा, म्हणजे मधे घडी पडेल. घडी असली की मग मी बघतो.’

हाती आलेले काम त्यांनी परत पाठवले, आणि या दुकानावर माझा विश्वास बसला तो तेथेच. ए-थ्री कागदावर दोन्ही बाजूंनी पुन्हा छपाई करण्याचा खर्च मला सोसावा लागला, हे खरे. पण चार मोठे कागद एकात एक दुमडले की १६ पृष्ठांचा एक फर्मा होतो, असे ४० फर्मे होतील आणि प्रत्येक खंडात २० घालता येतील, हा हिशेब त्यांनी जुन्या पंचांगाच्या पाठीवर पेन्सिलीने मांडून दाखवला. कोणत्या कागदावर कोणते पृष्ठ यायला हवे, हे समजावण्यासाठी त्यांनी कोऱ्या कागदाची छोटी वही दुमडून तिच्यावर आकडे घातले आणि ती मला देऊन टाकली. छपाईवाल्याने तीच समोर ठेवून काम केले.

नॉक्सच्या हाताला हे काम वयाच्या नवव्या वर्षापासून लागले. त्याचा जन्म २५ जुलै १७५० रोजी बोस्टन येथे झाला. वडील जहाजाच्या धंद्यात होते, ते डबघाईला आले, कुटुंब मागे टाकून वेस्ट इंडीजकडे निघून गेले आणि १७६२ मध्ये तिकडेच वारले. आई आणि धाकटा भाऊ यांचा भार हेन्रीवर पडला, शाळा सुटली आणि तो एका पुस्तकविक्रेत्याच्या व बांधणीकाराच्या दुकानात उमेदवारीला लागला. दुकानाच्या मालकांनी त्याला फावल्या वेळात पुस्तके वाचू दिली, हे त्याच्या आयुष्यातले पहिले मोठे दान म्हणावे लागेल. वयाच्या २१ व्या वर्षी, १७७१ मध्ये, त्याने ‘लंडन बुक स्टोअर’ हे स्वतःचे दुकान काढले. बोस्टनमधील ब्रिटिश अधिकारी तेथे पुस्तके चाळायला येत आणि दुकानदार त्यांच्याशी तोफा व किल्ल्यांची तटबंदी या विषयांवर गप्पा मारीत असे. कोणत्याही लष्करी शाळेची पायरी न चढलेल्या या तरुणाने तोफखान्याचे शास्त्र स्वतःच्या दुकानातल्या पुस्तकांतून आणि ज्यांच्याशी पुढे लढायचे होते, त्यांच्याच तोंडून शिकून घेतले.

त्याच काळातल्या दोन गोष्टी मी मुलांना नेहमी सांगत असे. ५ मार्च १७७० च्या रात्री बोस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, तेव्हा हा १९ वर्षांचा तरुण तेथे हजर होता, आणि सैनिकांना मागे घ्या असे तो त्यांच्या कॅप्टनला विनवीत होता. पुढे खटल्यात त्याने साक्षही दिली. दुसरी गोष्ट १७७३ मधली. शिकारीच्या वेळी बंदूक हातातच फुटली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. पुढे अनेक वर्षे तो त्या हाताभोवती रुमाल गुंडाळून वावरत असे. भाऊंच्या उजव्या हाताचे मधले बोटही कटिंग मशीनने अर्धे नेलेले आहे. मी नॉक्सच्या हाताची हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी शिवण थांबवली, आपल्या बोटाकडे पाहिले आणि ‘मग सुई कशी धरायचा तो?’ एवढेच विचारले. याचे उत्तर माझ्याजवळच्या कागदांत नाही.

१६ जून १७७४ रोजी त्याने ल्यूसी फ्लकर हिच्याशी विवाह केला. ल्यूसीचे वडील मॅसॅच्युसेट्सच्या, ब्रिटिश राजाशी निष्ठा राखणाऱ्या सरकारात सचिव होते आणि हे लग्न त्या घराला मान्य नव्हते. लढाईला तोंड फुटल्यावर १७७५ मध्ये नवरा-बायको बोस्टनमधून निसटले. ल्यूसीने त्याची तलवार आपल्या झग्याच्या अस्तरात शिवून नेली, अशी आख्यायिका आहे. मागे राहिलेले दुकान लुटले गेले. ल्यूसीच्या माहेरची माणसे ब्रिटिशांबरोबर देश सोडून गेली आणि तिची त्यांची पुन्हा कधीही भेट झाली नाही. पहिल्या खंडात या दोघांची पत्रे आहेत. ती वाचताना हा माणूस सेनापती असल्याचा विसर पडतो.

आता तोफांविषयी, कारण पहिल्या खंडाचा गाभा तोच आहे. वॉशिंग्टनने बोस्टनला वेढा घातला होता, पण शहरातल्या ब्रिटिशांना हुसकावण्याइतक्या जड तोफा त्याच्याजवळ नव्हत्या. तशा तोफा उत्तरेला टिकॉन्डरोगाच्या किल्ल्यात पडून होत्या, आणि तो किल्ला अमेरिकनांनी मे १७७५ मध्येच घेतलेला होता. त्या आणण्याची जबाबदारी २५ वर्षांच्या नॉक्सने अंगावर घेतली. ५ डिसेंबर १७७५ रोजी तो किल्ल्यावर पोहोचला. त्याने तोफा, उखळी तोफा आणि हॉवित्झर मिळून ५९ नग निवडले. वजन सुमारे ६० टन. हे सगळे आधी नावांतून जॉर्ज सरोवर पार करून आणायचे, मग बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाड्यांवर चढवायचे आणि नद्या, डोंगर ओलांडून सुमारे ३०० मैल न्यायचे, असे हे काम होते. १७ डिसेंबरच्या पत्रात तो वॉशिंग्टनला कळवतो की आपण ४२ भक्कम गाड्या करून घेतल्या आहेत, बैलांच्या ८० जोड्या ठरवल्या आहेत आणि तोफखान्याचा एक उमदा ताफा आपल्यासमोर हजर करण्याची आशा बाळगून आहोत.

पण बर्फ वेळेवर पडेना, आणि पडला तेव्हा इतका पडला की वाट दिसेना. हडसन नदी पुन्हा पुन्हा ओलांडायची होती आणि तिच्यावरचा थर तोफेचे वजन पेलण्याइतका जाड नव्हता. तेव्हा नॉक्सने नदीवरच्या त्या थरालाच भोके पाडून घेतली, म्हणजे खालचे पाणी वर येऊन पसरावे, थंडीने गोठावे आणि थर जाड व्हावा. मला ही युक्ती वाचताना नेहमी खळीचा हात आठवतो: पहिला हात वाळला की त्याच्यावर दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. एवढे करूनही ऑल्बनीजवळ एक भली मोठी तोफ बर्फ फोडून पाण्यात गेली. गावकरी मदतीला धावले, दुसऱ्या दिवशी ती वर काढली, आणि कृतज्ञता म्हणून नॉक्सने तिचे नाव ‘ऑल्बनी’ ठेवले. पुढे बर्कशरचे डोंगर आले. चढावर ओढणे कठीण आणि उतारावर आवरणे त्याहून कठीण होते. तोफेला मागून दोर बांधून ते झाडांना वेटोळे घालून सैल सोडीत उतरावे लागे. जानेवारी १७७६ च्या अखेरीस ताफा बोस्टनजवळच्या केंब्रिजला पोहोचला. ४ मार्चच्या रात्री यांतल्या तोफा डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढवण्यात आल्या, आणि १७ मार्चला ब्रिटिश सैन्य जहाजांत बसून बोस्टन सोडून गेले.

शाळेतल्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे, आणि त्यात शौर्याइतकाच हिशेब आहे. किती दोर, किती बैल, कोणत्या गावी किती दिवस, कोणाला किती मजुरी, हे सगळे त्याच्या रोजनिशीत व पत्रांत आहे.

त्यानंतरच्या लढाया मी येथे थोडक्यात सांगते. १७७६ च्या नाताळच्या रात्री डेलावेअर नदी ओलांडताना वाऱ्याच्या गदारोळात वॉशिंग्टनचे हुकूम सैन्यापर्यंत पोहोचले, ते नॉक्सच्या खणखणीत आवाजामुळे, आणि नदीपार नेलेल्या १८ तोफांनी दुसऱ्या दिवशी ट्रेंटनच्या रस्त्यांवर निकाल लावला. जर्मनटाउन येथे ४ ऑक्टोबर १७७७ रोजी त्याची चूक झाली. शत्रूने धरलेले एक दगडी घर पाठीमागे सोडून पुढे जाऊ नये, असा ग्रंथांतला नियम त्याने सांगितला, त्या घराशी झुंजण्यात मोलाचा वेळ गेला आणि हातातली लढाई निसटली. पुस्तकातून शिकलेल्या माणसाला पुस्तक कधी बाजूला ठेवावे, हेही शिकावे लागते. ते त्याला त्या दिवशी जमले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र १७७८-७९ च्या हिवाळ्यात त्याने न्यू जर्सीतील प्लकमिनच्या छावणीत आपल्या अधिकाऱ्यांसाठी तोफखान्याची शाळाच भरवली. देवळालीत वाढलेल्या मला ती हकिगत फार जवळची वाटते. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली, त्यामागे नॉक्सच्या तोफांचा मारा होता. त्यानंतर तो मेजर जनरल झाला. ४ डिसेंबर १७८३ रोजी न्यूयॉर्कच्या खानावळीत वॉशिंग्टनने आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला, तेव्हा त्याने सर्वांआधी मिठी मारली ती नॉक्सला.

पहिला खंड येथे संपतो. भाऊंनी तो बांधायला घेतला, तेव्हा मी तीन दुपारी दुकानात बसून काम पाहिले. ते आधी फर्मे क्रमाने लावून पाठीची बाजू हाताने ठोकून सारखी करतात, तिच्यावर करवतीने बारीक खाचा घेतात आणि मेण चोळलेला दोरा दाभणात ओवून प्रत्येक फर्म्याच्या पोटातून आतबाहेर नेत कापडी फितींवर शिवतात. प्रत्येक फर्मा खालच्या फर्म्याला टोकाशी गाठीने अडकवला जातो, त्यामुळे एक दोरा तुटला तरी सगळे पुस्तक उसवत नाही. खळ मैद्याची, घरी शिजवलेली. कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद असते. पाठीला हातोडीने हलके ठोके देत गोलाई आणायची, वर जाळीचे कापड चिकटवायचे आणि मग पुठ्ठा. अस्तरासाठी त्यांच्याकडे जुन्या अबरीचे थोडे रंगीत ताव शिल्लक आहेत. तो कागद मागितल्याशिवाय ते काढत नाहीत, म्हणून जाणाऱ्यांनी आवर्जून मागावा.

दुसरा खंड युद्धमंत्री नॉक्सचा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. युद्ध संपल्यावर १७८४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने सैन्य इतके कमी केले की साठे राखण्यापुरते ८० शिपाई उरले. अशा खात्याचा कारभार ८ मार्च १७८५ रोजी नॉक्सकडे आला. हाताशी मूठभर कारकून, तिजोरीत खडखडाट, आणि कामे मात्र सीमेवरच्या ठाण्यांपासून शस्त्रागारांपर्यंत. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी शेजच्या नेतृत्वाखाली बंड केले. त्याविषयी नॉक्सने वॉशिंग्टनला लिहिलेले २३ ऑक्टोबरचे पत्र या खंडात आहे. मध्यवर्ती सरकार बळकट असल्याशिवाय हा देश एकत्र राहणार नाही, ही त्याची तळमळ त्यात दिसते. शेतकऱ्यांच्या हलाखीची पुरेशी जाण मात्र दिसत नाही. राज्यघटना लागू झाल्यावर १२ सप्टेंबर १७८९ रोजी वॉशिंग्टनने त्याला पुन्हा त्याच जागी नेमले.

मूळ रहिवासी जमातींचा कारभारही याच खात्याकडे होता. ७ जुलै १७८९ च्या अहवालात नॉक्स नि:संदिग्धपणे लिहितो की हे लोक येथे आधीपासून राहत असल्यामुळे जमिनीवरचा हक्क त्यांचाच आहे, आणि त्यांच्या संमतीने किंवा न्याय्य युद्धातील विजयानेच तो घेता येईल. असे लिहिणारा मंत्री त्या काळात विरळा होता. पण त्याच्याच खात्याच्या फौजा ओहायोच्या मुलखात चालून गेल्या. १७९० मध्ये सेनानी हार्मरची मोहीम फसली आणि ४ नोव्हेंबर १७९१ रोजी सेनानी सेंट क्लेअरच्या फौजेची धूळधाण उडून ६०० हून अधिक सैनिक मारले गेले. चौकशी झाली, खात्याकडून कागदपत्रे मागवली गेली आणि सदोष पुरवठ्याचा ठपका आला. पुरवठ्याचा ठेका विल्यम ड्यूअर या माणसाकडे होता, आणि हाच ड्यूअर ईशान्येकडच्या मेन या प्रांतातील जमिनींच्या सट्ट्यात नॉक्सचा भागीदार होता. नॉक्सवर माझे प्रेम आहे, तरीही हे लपवून त्याचे चरित्र सांगता येणार नाही. ज्याने ५९ तोफांचा हिशेब दोराच्या लांबीपर्यंत ठेवला, त्याने आपल्या भागीदाराच्या पुरवठ्याचा हिशेब तसा ठेवला नाही.

त्या धक्क्यानंतर सैन्याची नव्याने उभारणी झाली. १७९२ चा मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या राखीव फौजेचा कायदा आणि २७ मार्च १७९४ चा सहा युद्धनौका बांधण्याचा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. त्या नौकांपासून पुढे अमेरिकेचे आरमार उभे राहिले. १७९४ च्या अखेरीस त्याने पद सोडले. जाण्यापूर्वीच्या २९ डिसेंबरच्या अहवालात त्याने लिहिले आहे की आपल्या लोकांच्या वस्ती वाढवण्याच्या पद्धतीने येथील मूळ रहिवाशांचा जो संहार झाला, तो मेक्सिको आणि पेरू जिंकणाऱ्यांच्या वागण्याहूनही अधिक होता. ते पृष्ठ मी भाऊंच्या दुकानात मोठ्याने मराठीत सांगितले, तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करणारा मुलगाही कागद मोजायचा थांबला होता.

आणि मग ती आग. ८ नोव्हेंबर १८०० रोजी वॉशिंग्टन शहरातील युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि दप्तर जळून गेले. नॉक्सच्या पावणेदहा वर्षांच्या कारभाराचे मूळ कागद त्यातच होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपल्याकडे नाना फडणीस निवर्तले होते, आणि त्यांच्या काळातले पेशवे दप्तर मात्र रुमालांत बांधलेले आजही पुण्यात शाबूत आहे. या योगायोगाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. जळालेल्या कागदांच्या नकला कोणाकोणाकडे गेल्या होत्या, हे शोधून अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शेकडो संग्रहांतून सुमारे ४५ हजार कागदपत्रे पुन्हा एकत्र केली आणि ती सर्वांना खुली केली. माझा दुसरा खंड त्यांतूनच वेचलेला आहे. अशा रीतीने आगीतून परत आलेले कागद मला स्पायरलच्या तारेत अडकवायचे नव्हते.

आता दुकानाच्या उणिवा. आठ दिवसांत देतो असे सांगून दुसरा खंड १५ व्या दिवशी मिळाला. कडा कापताना पाते जरा आत बसले आणि समासात मी पेन्सिलीने लिहिलेल्या काही टिपांची शेवटची अक्षरे गेली. समासात काही लिहिलेले असेल तर आधी सांगावे लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते. सोनेरी अक्षरांचे काम ते बाहेरून करून आणतात, आणि पहिल्या खंडाच्या पाठीवरचे ‘नॉक्स’ किंचित तिरके आले आहे. सर्वांत गंभीर चूक क्रमाची होती. दुसऱ्या खंडात १७९१ चा एक फर्मा १७९० च्या आधी शिवला गेला होता, त्यामुळे सेंट क्लेअरचा पराभव हार्मरच्या मोहिमेआधी वाचावा लागत होता. मी तो खंड परत नेला. भाऊंनी चष्मा लावून ते पाहिले आणि माझ्यासमोर पुठ्ठा सोलून काढला. पाठ ओल्या फडक्याने भिजवून मऊ केली, टाके कापले, फर्मा जागेवर बसवला आणि सगळी शिवण नव्याने घातली. पैसे विचारले तर म्हणाले, ‘माझी चूक, बाई. तिचे पैसे तुमच्याकडून कसे घेऊ?’ तीन दिवसांनी खंड मिळाला, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक घट्ट बसला आहे.

एका खंडाचे ४५० रुपये पडले. स्पायरलच्या तुलनेत ते अधिक वाटतील. पण खंड टेबलावर ठेवला की मधल्या पानाशी सपाट उघडा राहतो, हाताने दाबून धरावा लागत नाही आणि मांडीवर वही घेऊन टिपणे काढता येतात. घरी आजोबांची पोथी, कॉलेजचा प्रबंध, दस्तऐवजांच्या नकला असे काही असेल तर येथे जरूर न्यावे. जाण्यापूर्वी पृष्ठक्रमांक घालून घ्यावेत, काम हातात आल्यावर तेथेच सगळे फर्मे उलटून पाहावेत आणि लग्नाच्या मुहूर्तांत जाऊ नये, कारण त्या दिवसांत त्यांच्याकडे किराणा व सराफी दुकानांच्या वह्यांचेही काम असते. गल्लीत गाडी लावायला जागा नाही. गुरुवारी दुकान बंद असते.

माझा तिसरा खंड अजून बांधायचा आहे. त्यात १७९५ नंतरची वर्षे आहेत: मेनमधील थॉमस्टन येथे ल्यूसीच्या आजोळच्या वारशातल्या जमिनीवर बांधलेले मोठे घर, चुना, लाकूड, विटा आणि जहाजे यांचे एकावर एक काढलेले धंदे, वाढत गेलेले कर्ज, जमिनीवर आधीपासून वसलेल्या शेतकऱ्यांशी झालेले तंटे, आणि १३ मुलांपैकी मोठी होईपर्यंत जगलेली तीनच. २५ ऑक्टोबर १८०६ रोजी, कोंबडीचे हाड घशात अडकून झालेल्या संसर्गाने, वयाच्या ५६ व्या वर्षी तो गेला. ही १४४ पृष्ठे मी मोठ्या कागदावर छापून, नऊ फर्म्यांत घडी घालून ठेवली आहेत आणि समासातल्या टिपा या वेळी दोन बोटे आत लिहिल्या आहेत. भाऊंनी दसऱ्यानंतर यायला सांगितले आहे, कारण पावसाळ्यात खळ लवकर वाळत नाही आणि पुठ्ठा वाकतो.